शेऱ्याचा रकाना

शुक्रवारी फाटकाची किल्ली माझ्याकडे असते.
सांडपाण्याला सुट्टी नसते.
अख्खं मस्कत आंघोळ करतं, भांडी घासतं,
आणि ते सगळं शेवटी माझ्या काचेच्या नळीत येतं.
शुद्ध करून उरलेलं पाणी आम्ही मागच्या तळ्यांत सोडतो.
कुणी लावला नव्हता, तरी तिथे बोरू उगवला,
मग शेकाटे आले, टिटव्या आल्या,
मग गळ्यात दुर्बिणी अडकवलेली ही माणसं.

झाहिर शाळेत भूगोल शिकवतो.
मारिसेल रात्रपाळी संपवून
इस्पितळाच्या पांढऱ्या बुटांतच येते.
आणि कुरियाकोस,
टायरच्या दुकानात एकतीस वर्षं हिशेबनीस,
टेलिस्कोप मात्र हप्त्यांवर घेतलेला.

त्या दिवशी खबर होती:
तिसऱ्या तळ्याच्या काठाला काहीतरी तपकिरी.
झाहिर म्हणाला, मुरआ. ठिपक्यांची.
तुमच्यात काय म्हणतात?
मी पुस्तकात बघून आले होते. म्हटलं, फटाकडी.
आणि अर्थ सांगताना पंचाईत झाली.
नटवी, ठसकेबाज,
गल्लीतून गेली की माना वळाव्यात अशी.
मारिसेल हसून वाकली.
आणि ही तर म्हणे
बाहेर पडायचं तर आधी एक पाय पाठवते,
तो सुखरूप असला तर दुसरा.
नाव ठेवणाऱ्यानं तिला पाहिली तरी होती का?

दीड तास.
समोर पंचवीसेक रोहित उभे, गुलाबी,
लग्नाला आल्यासारखे;
त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.
झाहिर आणि मारिसेल बांधाच्या त्या टोकाला गेले.
कुरियाकोस डोळा लावून वाकलेला, एक हात कमरेवर.
महिनाअखेर तो कायमचा कोट्टयमला निघणार होता,
खोलीतला फ्रीजसुद्धा विकून झालेला.
वहीत ही एकच ओळ कोरी, नऊ हिवाळे.
मग पाठ सरळ करत म्हणाला,
मॅडम, तुम्ही बघा जरा, मी चहा ओततो.

आणि ती आली.
पिठाची चाळणी अंगावर झटकावी तसे ठिपके,
चोचीच्या मुळाशी कुंकवाच्या बोटाएवढं लाल,
हिरवट पाय, चिखलावर,
ज्या चिखलाचा मी दर आठवड्याला अहवाल लिहिते.
शेपटी उडवत, काहीतरी टिपत,
दहा-अकरा सेकंद.
मी बाजूला व्हायला हवं होतं.
निदान हूं तरी म्हणायला हवं होतं.
माझ्या मागे थर्मासचं झाकण फिरत होतं, ऐकू येत होतं,
आणि मी डोळा काढला नाही.

काही दिसलं?
हो.
चोच? सांगितली. पाय? सांगितले.
शेपूट हलवत होती?
होती.
मग तीच, म्हणाला,
आणि कागदी कप माझ्या हातात दिला. साखर बरोबर होती.
वही उघडली नाही त्यानं.
पुन्हा वाकला,
ऊन डोक्यावर येऊन
बोरूची सावली बुंध्यात जाईस्तोवर.

पुढच्या महिन्यातल्या मंगळवारी
मी बादली घेऊन तिसऱ्या तळ्यावर, एकटी.
दुर्बीण नाही, काही नाही.
पाच पावलांवर ती चालत आली,
भाजी आणायला निघाल्यासारखी,
माझ्या बुटाकडे एकदा बघून पुढे गेली.
फोन लावला.
त्याचा इथला नंबर आता दुसऱ्याच कुणाला दिलेला,
पलीकडून एक मुलगा अरबीत विचारत राहिला, कोण, कोण?

प्रयोगशाळेत येऊन नोंदवही भरली.
नमुना क्रमांक तीन. सामू सात पूर्णांक दोन.
गढूळपणा मर्यादेत.
शेऱ्याचा रकाना आम्ही सहसा रेघ मारून सोडतो.
त्यात लिहिलं:
फटाकडी, एक. सकाळी सात वीस.
कुरियाकोस यांच्या वतीने.

संध्याकाळी साहेबांनी न वाचता सही केली.